किल्ली कोणी दिली?

गेल्या रमजानातली गोष्ट. तेरावा रोजा होता. तरावीह आटोपून आम्ही मशिदीच्या पायरीवर चपला शोधत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. "मामू, गाडी ठोकली," एवढेच म्हणाला आणि रडायला लागला.

आमचे गाव रायगड जिल्ह्यात, मुंबई-गोवा महामार्गापासून दीड किलोमीटर आत. फाट्याजवळ पोहोचलो तेव्हा स्कूटी रस्त्याच्या कडेला आडवी पडली होती आणि तिचा दिवा अजून चालू होता. भाचा आणि त्याचे दोन दोस्त, म्हणजे ट्रिपल सीट. एकाचा हात मोडलेला, भाच्याची हनुवटी फाटलेली, तिसरा नुसता थरथरत बसलेला. पण सगळी गर्दी त्यांच्याभोवती नव्हती. सात-आठ पावलांवर शेजारच्या वाडीतले एक बाबा रस्त्यावर पडले होते. वय सत्तरीच्या पुढे. टपरीवरून बिडी-काडेपेटी घेऊन घरी चालले होते. टपरीवाल्यानेच 108 ला फोन करून रुग्णवाहिका मागवली होती. बाबांचे खुब्याचे हाड मोडले होते.

रात्री साडेअकराला पोलीस ठाण्यात हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, "वय काय?" भाच्याचे वय पंधरा वर्षे चार महिने. दुसरा प्रश्न, "गाडी कोणाच्या नावावर?" बहिणीने आमच्याकडे पाहिले. गाडी आमच्या नावावर होती.

हा लेख लिहिताना वाचकांपुढे हे आधीच ठेवले पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे दुसऱ्याला शिकवल्यासारखे होईल. तीन वर्षांपूर्वी आम्ही नवी गाडी घेतली तेव्हा जुनी स्कूटी बहिणीला दिली. मेहुणे सौदीत, दम्मामला ट्रेलर चालवतात. घरी बहीण, मुलगी आणि मुलगा. रिक्षा फाट्यावरच मिळते. स्कूटी घरात असली तर बरे, एवढाच विचार. "कागद नंतर करू," असे आम्हीच म्हणालो होतो. गाडी विकली किंवा दिली तर पहिल्या मालकाने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवावे, असे मोटार वाहन कायदा सांगतो. आम्ही तीन वर्षांत कळवले नव्हते. ज्याच्या नावावर नोंद, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, मग गाडी प्रत्यक्षात कोणाच्याही अंगणात उभी असो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका निकालात हे स्पष्ट केलेले आहे. आमच्या मोहल्ल्यातच अशा किमान पाच-सहा गाड्या आहेत. चुलत्याच्या नावावरची पुतण्याकडे, विकलेली पण नाव न बदललेली, परदेशी गेलेल्या भावाची.

पण कागद ही नंतरची बाब. स्कूटी बहिणीसाठी दिली होती आणि बहिणीला ती येत नव्हती. मग ती चालवणार कोण, हा प्रश्न त्या दिवशी कोणीच विचारला नाही. आम्हीही नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक होते.

सुरुवात घरातच झाली. सातवीत असताना भाचा अंगणात स्कूटी पुढे-मागे करू लागला, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केले. मग "जा रे, पाव घेऊन ये." मग आजीचे औषध. मग बहिणीला ट्यूशनला सोडणे, अम्मीला बँकेत नेणे, दळण, गॅस सिलिंडर. अब्बा परदेशी असले की पंधरा वर्षांचा मुलगा "घरातला पुरुष" होतो, आणि आपल्याकडे घरातल्या पुरुषाची पहिली खूण म्हणजे हातातली गाडीची किल्ली. रात्री दोस्तांना मागे बसवून फिरायला गेला तेव्हा आम्ही त्याला बेजबाबदार म्हटले. दिवसभर त्याच किल्लीवर आमची कामे चालत होती, हे मात्र सोयीने विसरलो.

मेहुण्यांचे तर नवल वाटते. चौदा वर्षे ते तिकडे अवजड गाडी चालवत आहेत. 'साहेर'चे कॅमेरे बसल्यापासून वेगमर्यादेच्या वर काटा जाऊ देत नाहीत, सीटबेल्ट लावल्याशिवाय इंजिन सुरू करत नाहीत. दंड पगारातून जातो, हे ते स्वतः हसून सांगतात. आणि हेच गृहस्थ फोनवर बहिणीला सांगायचे, "गावातल्या गावात चालवू दे त्याला, काय होतंय?" माणूस तोच. तिकडे कॅमेरा बघतो म्हणून शिस्त. गावात कोण बघते?

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांना उडवले, दोघेही गेले. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात संतापाची लाट उठली. आमच्या ओट्यावरही खूप चर्चा झाली. पैसेवाल्यांची पोरे, त्यांचे बाप, त्यांचे वकील. ती चर्चा चालू असताना आमचा भाचा त्याच स्कूटीवरून आमच्यासाठी चहाला दूध आणायला गेला होता. हे आठवले की आजही मान खाली जाते. दारू आणि श्रीमंती सोडली तर दोन्हीकडे काय वेगळे होते? किल्ली घरातल्या मोठ्या माणसानेच दिली होती.

आता कायद्याचे थोडे. अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवता येत नाही. "सोळाव्या वर्षी बिनगिअरची चालते," असे अनेक पालक छातीठोकपणे सांगतात. ते अर्धसत्य आहे. सोळा वर्षांची सवलत 50 सीसीपर्यंतच्या इंजिनाला आहे, आणि तीही लायसन्स काढून. आज घरोघरी दिसणाऱ्या स्कूट्या 110 किंवा 125 सीसीच्या आहेत. त्यांना ही सवलत लागू नाही. बिनलायसन्सच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या विजेच्या स्कूट्यांचेही तसेच. 250 वॅटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत वेग, तरच ती मोटार वाहन धरली जात नाही. वायर कापून वेग वाढवून दिलेली गाडी त्या व्याख्येत बसत नाही.

2019 च्या दुरुस्तीने कायद्यात 199-अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीत नव्हते" हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर, कारण कायदा आधीच गृहीत धरतो की गाडी त्याच्या संमतीनेच गेली. आमच्या प्रकरणात तर माहीत नव्हते म्हणण्याची सोयच नव्हती. सगळ्या गावाने त्याला आमच्या देखत गाडी चालवताना पाहिले होते. प्रकरण अजून चालू आहे, म्हणून त्यावर अधिक लिहिणे बरे नव्हे.

विम्याचेही ऐका. थर्ड पार्टी विमा आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो. चालकाकडे लायसन्स नसेल तर न्यायालय बहुधा विमा कंपनीला जखमीची भरपाई आधी द्यायला लावते आणि तेवढी रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. म्हणजे जखमीची सोय होते, मालकाची नाही. बाबांच्या ऑपरेशनला पावणेदोन लाख लागले. ते आम्ही आणि मेहुण्यांनी मिळून भरले. त्यात उपकार कसला! पण बाबांच्या म्हातारीने रुग्णालयात आमच्यासाठी चहा मागवला, तो घशाखाली उतरला नाही.

अपघात झाला कसा, हे भाच्याने आम्हाला महिनाभराने सांगितले. वेग पन्नासच्या आसपास होता. समोरून ट्रक आला, त्याचा अप्पर डोळ्यांवर. क्षणभर काही दिसले नाही. मागचा दोस्त "कट मार, कट मार" म्हणत होता. ट्रक गेला आणि समोर बाबा. त्याने ब्रेक दाबला, पण नुसता उजवा. उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा. रस्त्यावर साइडपट्टीची खडी पसरलेली, पुढचे चाक सटकले आणि तिघे मिळून बाबांवर गेले. तीन वर्षे गाडी चालवत असूनही ब्रेक कसा लावायचा हे त्याला कोणी दाखवले नव्हते. गाडी 'येते' म्हणजे ती सुरू होते आणि पडत नाही, एवढेच आपण धरून चालतो.

यातल्या "कट मार"कडे आम्ही फार लक्ष दिले नव्हते. नंतर वाचनात आले की न्यूझीलंडने 1987 मध्येच नव्या चालकांसाठी टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत सुरू केली. पहिल्या टप्प्यात शेजारी अनुभवी चालक हवाच. दुसऱ्या टप्प्यात एकट्याने चालवता येते, पण रात्री दहा ते पहाटे पाच नाही आणि बरोबर दोस्तमंडळी नाहीत. कारण उघड आहे. या वयात गाडी एकट्याने चालवणारा मुलगा आणि मागे दोस्त बसलेला तोच मुलगा, हे दोन वेगळे मुलगे असतात. आपल्याकडे असा कायदा नाही. पण घरात असा नियम करायला कोणाची परवानगी लागते? रात्र आणि दोस्त, या दोन गोष्टी वगळल्या असत्या तर बाबा त्या रात्री घरी पोहोचले असते.

रात्रीचा विषय निघालाच आहे तर आपल्या मोहल्ल्यांचे एक दुखणेही बोलून टाकू. शब-ए-बरातची रात्र, रमजानच्या रात्री, ईदची संध्याकाळ. कब्रस्तान आणि मशिदींकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पोरांचे सायलेन्सर फोडलेले थवे. मुंबईत दर वर्षी पोलीस आणि मशिदींचे जबाबदार लोक आवाहन करतात, नाकाबंदी होते. इबादतीच्या रात्री घरातून "मशिदीत जातो" म्हणून निघालेला मुलगा कुठे आहे हे विचारायला संकोच वाटतो, कारण उत्तर पवित्र असते. संकोच बाजूला ठेवून आमच्या जमातीने यंदा एक साधी गोष्ट केली. तरावीहच्या वेळी मशिदीबाहेर दोन बुजुर्ग खुर्ची टाकून बसले आणि अठरा वर्षांखालील मुलगा गाडी घेऊन आला की किल्ली काढून घेऊ लागले. किल्ली दुसऱ्या दिवशी बापाने येऊन न्यायची. पहिल्या आठवड्यात भांडणे झाली, एका बापाने तर बुजुर्गांनाच सुनावले. नंतर गाड्या कमी झाल्या. बंद झाल्या असे म्हणणार नाही.

रमजानात आणखी एक वेळ जपायची असते. इफ्तारच्या आधीचा अर्धा तास. झोप अपुरी, पोटात अन्न नाही, घसा कोरडा, डोके जड, आणि सगळ्यांना एकाच मिनिटाला घरी पोहोचायचे असते. आम्ही आता डिकीत खजूर आणि पाण्याची बाटली ठेवतो. वाटेत मगरीब झाली तर गाडी कडेला घ्यायची, रोजा खोलायचा आणि मग निघायचे.

अपघातानंतर बहिणीच्या घरचा व्यवहार अडला. शेवटी ठरले की भाची शिकेल. तिला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. काही नातेवाइकांनी नाके मुरडली. मुलीच्या हाती गाडी? पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती होती तेव्हा यांतले कोणी बोलल्याचे आम्हाला आठवत नाही.

लर्निंग लायसन्सची परीक्षा आता घरबसल्या ऑनलाइन देता येते. एका एजंटाने सांगितले, "परीक्षा आम्ही देऊन टाकतो, तुम्ही ओटीपी तेवढा सांगा." भाचीने नकार दिला आणि स्वतः चिन्हे पाठ केली. लर्निंग लायसन्स सहा महिने चालते आणि पक्क्या लायसन्साची परीक्षा किमान तीस दिवसांनी देता येते. तोवर गाडीवर लाल 'एल' हवा आणि मागे बसायचे तर फक्त लायसन्स असलेल्या शिकवणाऱ्याने. हे तीस दिवस बहुतेक जण वाट बघण्यात घालवतात. आम्ही ते उर्दू शाळेच्या मैदानावर घालवले. रोज असरनंतर पाऊण तास.

पहिले चार दिवस गाडी पळवलीच नाही. नुसता ब्रेक. आजच्या 125 सीसीपर्यंतच्या बहुतेक स्कूट्यांना डावी मूठ दाबली की दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागतात. आमची स्कूटी जुनी, 2019 च्या आधीची. तिला दोन्ही मुठी मिळून, हळूहळू पण घट्ट दाबाव्या लागतात. वाचकांनी आपली गाडी कोणती ते आधी बघून घ्यावे. मग आम्ही मैदानावर चुन्याची रेघ मारली. ताशी वीसच्या वेगाने रेघेपर्यंत यायचे आणि रेघेवर ब्रेक लावायचा. गाडी चार पावलांत थांबली. मग चाळीसच्या वेगाने. आमचा अंदाज आठ पावलांचा होता. पंधरा पावले लागली. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर जवळपास चौपट होते, हे शाळेत शिकलो होतो, पण चुन्याच्या रेघेवर उभे राहून पाहिले तेव्हा पटले. आणि यात मेंदूला लागणारा वेळ धरलेला नाही. काही दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तरी चाळीसच्या वेगाने गाडी अकरा मीटर पुढे जाते, साठने सतरा मीटर. त्या सेकंदात ब्रेक लागलेलाच नसतो. मोबाइलवर नजर गेली तर असे दोन-तीन सेकंद सहज जातात.

पावले मोजायला भाचा होता. पंधरा मोजून तो रेघेकडे वळून बराच वेळ बघत राहिला. आम्ही काही बोललो नाही.

कोकणात शिकायचे तर पाऊस शिकावाच लागतो. पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून जो चिखल होतो तो सर्वांत वाईट. नंतरच्या मुसळधार पावसात रस्ता निदान धुतलेला असतो. लाल मातीचे ओघळ, झाडांखालचा ओला पाला आणि पुलांचे लोखंडी सांधे यांवर ब्रेक लावायचा नाही, वेग त्याआधीच कमी करायचा. घाट उतरताना स्कूटीला गिअरचा आधार नसतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि सतत दाबून धरला तर तो तापून ढिला पडतो. म्हणून मुळात हळू उतरायचे, मध्ये थांबायचे. महामार्गाचे रुंदीकरण 2011 पासून चालू आहे, त्यामुळे कालचा रस्ता आज तसाच असेल याचा भरवसा नाही. ट्रकच्या क्लीनर साइडने पुढे घुसायचे नाही, तिथे ड्रायव्हरला आपण दिसतच नाही. हा धडा मेहुण्यांनी व्हिडिओ कॉलवर दिला. ट्रेलरच्या केबिनमध्ये बसून फोन फिरवून त्यांनी मुलीला दाखवले की केवढा भाग आंधळा आहे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी घरच्यांना आपला हुन्नर शिकवला.

कपड्यांचेही बोलले पाहिजे. मागच्या चाकात ओढणी किंवा बुरख्याचा घोळ अडकून बाया फेकल्या जातात, गळ्याला फास बसतो. ओढणीची टोके आत खोचायची, बुरखा गुडघ्यांखाली दाबून बसायचे, साडीगार्ड काढून टाकायचा नाही. हेल्मेट हिजाबवर बसत नाही, ही तक्रारही आम्ही ऐकली. पातळ सुती ओढणीवर, मागे गाठ किंवा पिन न ठेवता, एक माप मोठे आयएसआय हेल्मेट भाचीला व्यवस्थित बसले. पट्टा हनुवटीखाली लावायचा. न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी जमिनीवर पडते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसे रस्त्यावर गेली. त्यातल्या 50,029 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि या पन्नास हजारांतले 14,337 मागे बसलेले होते. मागे कोण बसते? आपल्या बायका, आया, मुले. आम्ही पुढच्यासाठी हेल्मेट घेतो, तेही पोलिसांसाठी. चार वर्षांवरील प्रत्येक मुलाला हेल्मेट सक्तीचे आहे, आणि आपण मात्र त्यांना पुढे उभे करून ईदगाहला नेतो.

भाची आठचा आकडा काढून पहिल्याच फेरीत पास झाली. स्कूटी आता कागदोपत्री बहिणीच्या नावावर आहे. किल्ली खिळ्यावर नसते, बहिणीच्या कपाटात असते. भाचा दहावीत आहे. शाळेत एसटीने जातो, पाव आणायला सायकलने. पहिले दोन महिने त्याला लाज वाटायची, दोस्त चिडवायचे. आता त्यांतले दोघे त्याच्याबरोबर एसटीच्या थांब्यावर असतात. का, ते आम्ही विचारले नाही. त्याला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळणार की नाही हे ठरायचे आहे. त्याच्या वर्गातली मुले अठराव्या वर्षी चालवायला लागतील, नोकरीच्या मुलाखतीत लायसन्स विचारतील, सौदीचा व्हिसा ड्रायव्हरचा असेल तर तो याच्या कामाचा नसेल. पंधरा वर्षांच्या मुलाच्या नावावर हे सारे लिहिले गेले, आणि त्याची पहिली ओळ आम्ही लिहिली होती.

बाबा आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. शेतावर जात नाहीत. भाचा दर जुम्म्याला नमाजनंतर त्यांच्याकडे जातो. दोन आठवड्यांपूर्वी आम्हीही गेलो होतो. तो आणि त्याची बाजी स्कूटीवरून आली, ती पुढे, तो मागे, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. बाबांनी ओट्यावरून हाक मारली, "आज गाडी कोन चालवतोय रं?"

"बाजी," तो म्हणाला आणि बाबांचा वॉकर उन्हातून सावलीत ओढून घेतला.